मॅकबेथ राज्याला पात्र होता का?



शोकांतिकांवरील आपल्या या मालेत आज शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’कडे येतो आहोत. नाटक बहुतेकांना ठाऊक आहे असे आम्ही धरून चालतो. तरीही ज्यांना ते वाचून बरीच वर्षे झाली असतील त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगून टाकू. डंकन हा स्कॉटलंडचा म्हातारा राजा. मॅकबेथ त्याचा नातलग आणि शूर सेनापती. बंड मोडून परत येताना मॅकबेथला तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील असे सांगतात. पुढे डंकन त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो आणि पत्नीने भरीस घातल्यावर मॅकबेथ त्याचा झोपेत खून करतो. गादी मिळते. मग ती राखण्यासाठी तो आपला मित्र बँको याला मारवतो, मॅकडफ नावाच्या सरदाराची बायकोमुले मारवतो, आणि अखेर त्याच मॅकडफच्या हातून मरतो. आपल्याकडे शिवराम महादेव परांजपे यांनी या नाटकाचे ‘मानाजीराव’ केले, शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ लिहिले. तेव्हा मराठी प्रेक्षकालाही हा गृहस्थ अगदी परका नाही.

आजचा प्रश्न असा की, हा मॅकबेथ राज्य करायला पात्र होता का?

उत्तर फार सोपं वाटतं, नाही का? पाहुण्याला झोपेत मारणारा माणूस कसला पात्र! पण हे उत्तर प्रश्नाला बगल देते. मॅकबेथने राज्य कसे मिळवले एवढेच त्यातून कळते. मिळवल्यावर ते चालवण्याची लायकी त्याच्यात होती की नव्हती, याबद्दल ते काहीच बोलत नाही. रक्त सांडून गादीवर आलेल्या आणि नंतर चांगला कारभार केलेल्या राजांची उदाहरणे इतिहासात आहेत. सरळ वारशाने गादीवर येऊन राज्य धुळीला मिळवणारेही आहेत. मिळवण्याची रीत आणि चालवण्याची लायकी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने पहिली सवय लावून घ्यायची ती हीच, की दोन प्रश्न एकमेकांत मिसळले असतील तर आधी ते वेगळे करायचे.

आपल्या भाषेतला ‘पात्र’ हा शब्द इथे मोठा उपयोगी आहे. पात्र म्हणजे भांडे. पात्र म्हणजे नाटकातली व्यक्ती. आणि पात्र म्हणजे लायक. लायक माणूस हा एक प्रकारे भांडेच असतो. त्यात जे ओतले जाईल ते त्याला सांडू न देता धरता आले पाहिजे, आणि वेळ आली की दुसऱ्याला वाढताही आले पाहिजे. भांडे चकचकीत आहे, मजबूत आहे, पण त्यातून कुणाला काही मिळतच नाही, तर त्याचा उपयोग काय? हा अर्थ मनात ठेवून नाटकाकडे जाऊ या.

माणूस राज्याला योग्य आहे असे आपण म्हणतो तेव्हा सहसा तीन गोष्टी एकाच टोपलीत घालतो. हक्क, कर्तबगारी आणि पात्रता. तिन्ही एकेक करून तपासू.

पहिली गोष्ट हक्क. इथे खरा इतिहास आणि नाटक यांत केवढा फरक आहे ते पाहण्यासारखे आहे. मॅकबेथ नावाचा राजा स्कॉटलंडात खरोखरच होऊन गेला. त्याने 1040 ते 1057 अशी सतरा वर्षे राज्य केले. त्याच्या आधीचा डंकन म्हातारा नव्हता आणि तो अंथरुणातही मेला नाही. 1040 साली मॅकबेथच्या पक्षाशी झालेल्या लढाईत तो पडला. त्या काळी तिथे राजानंतर थोरला मुलगाच गादीवर यावा असा पक्का नियम नव्हता. राजकुळातल्या एखाद्या कर्त्या पुरुषाकडे गादी जाण्याची चाल होती. मॅकबेथची पत्नी ग्रुआख हीसुद्धा राजवंशातली. 1050 मध्ये हा राजा रोमच्या यात्रेला गेला आणि तिथे त्याने गरिबांना सढळ हाताने पैसे वाटले, अशी नोंद आहे. ज्या राजाला आपली गादी सोडून इतक्या दूरच्या यात्रेला जाता येते, त्याची गादी घरी बऱ्यापैकी सुरक्षित असली पाहिजे, एवढे तरी अनुमान काढता येते.

शेक्सपिअरने हे नाटक 1606 च्या सुमारास लिहिले, आणि त्याच्यासमोर होता हॉलिनशेडचा इतिवृत्तांत. हॉलिनशेड हा काही मॅकबेथचा भाट नव्हे, पण तोही तीन गोष्टी मॅकबेथच्या बाजूने सांगतो. एक, डंकन फार मऊ होता आणि त्याच्या ढिलेपणामुळे बंडखोर माजले. दोन, डंकनने आपल्या अल्पवयीन मुलाला वारस जाहीर केले तेव्हा जुन्या कायद्याने मॅकबेथला असलेली संधी हिरावली गेली, म्हणजे त्याच्यापाशी तक्रारीला जागा होती. तीन, राजा झाल्यावर मॅकबेथने दहा वर्षे चांगला कारभार केला, चांगले कायदे केले, गुंडपुंडांना जरब बसवली. शिवाय हॉलिनशेडमध्ये डंकनला मारण्याच्या बेतात बँकोही सामील आहे.

आता बघा. शेक्सपिअरने या सगळ्यावर काट मारली. डंकनचा ढिलेपणा जवळजवळ पुसला. माल्कमला वारस जाहीर करण्याचा प्रसंग ठेवला, पण मॅकबेथच्या तोंडी हक्काची भाषा येऊ दिली नाही. तो मुलगा आपल्या वाटेतली पायरी आहे, एवढेच तो मनाशी म्हणतो. दहा वर्षांचा सुराज्याचा काळ तर गायबच केला. बँकोला स्वच्छ केले, त्यामागे एक व्यावहारिक कारण होते. 1603 पासून इंग्लंडच्या गादीवर बसलेला जेम्स राजा स्कॉटलंडचा होता आणि तो स्वतःला बँकोचा वंशज मानत असे. पण बाकीची काटछाट केवळ राजाची मर्जी राखण्यासाठी झाली असे आम्हाला वाटत नाही. शेक्सपिअरने मॅकबेथचे सगळे वकील न्यायालयाबाहेर काढले. हक्काचा वकील गेला, तक्रारीचा गेला, सुराज्याचा गेला. उरला तो फक्त एक कर्तबगार माणूस आणि त्याची इच्छा. कर्तबगारी आणि इच्छा एवढ्याच भांडवलावर माणूस राज्याला पात्र ठरतो का, हा प्रश्न त्यामुळे निखळ स्वरूपात समोर आला.

दुसरी गोष्ट कर्तबगारी. ती मॅकबेथपाशी आहे, यात शंका नाही. तो रंगमंचावर येण्याआधीच त्याच्या पराक्रमाची वार्ता येते. त्याने रणांगणात एका बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत चिरले आणि त्याचे मुंडके तटावर लावले, हे एक जखमी अधिकारी राजाला सांगतो, आणि तो सौम्य राजा ते ऐकून खूश होतो. डंकनचे राज्य त्या दिवशी वाचले ते मॅकबेथच्या तलवारीने. मग मनात येतेच, की ज्याने राज्य वाचवले त्यानेच ते का करू नये? म्हाताऱ्याने नुसतं बसून बक्षिसं वाटायची आणि लढायचं दुसऱ्यांनी?

हा युक्तिवाद अनेकांना पटतो. वर्षानुवर्षे वर्गात शिकवताना आम्ही पाहिले की, हुशार विद्यार्थी हमखास याच बाजूने उभे राहतात. पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. सेनापती आणि राजा ही एकाच शिडीची खालची-वरची पायरी आहे, असे ते गृहीत. उत्तम शल्यविशारदाला बढती देऊन रुग्णालयाचा कारभारी केले, की एक चांगला शल्यविशारद जातो आणि कित्येकदा वाईट कारभारी मिळतो. ही शिडीच नव्हे, दोन वेगळ्या खोल्या आहेत. सेनापतीसमोर शत्रू असतो. राजासमोर प्रजा असते. शत्रूसमोर जे गुण, तेच प्रजेसमोर दाखवले तर काय होईल? मॅकबेथने नेमके तेच केले. गादीवर बसल्यावरही त्याच्या नजरेला शत्रूच दिसत राहिले.

बरे, नीती बाजूला ठेवून निव्वळ सत्तेच्या हिशेबाने पाहायचे तर मॅकियाव्हेलीकडे जावे लागेल. त्याच्या ‘प्रिन्स’च्या आठव्या प्रकरणात गुन्ह्यांच्या मार्गाने सत्ता मिळवणाऱ्यांची चर्चा आहे. सिराक्यूजच्या अगॅथोक्लिसचे उदाहरण देऊन तो सांगतो, की क्रौर्य करायचेच तर एकदाच, गरजेपुरते आणि झटपट करून थांबावे, आणि मग लोकांच्या हिताकडे वळावे. जे क्रौर्य सुरुवातीला थोडे असते आणि दिवसेंदिवस वाढत जाते, ते राज्यकर्त्याला बुडवते. या कसोटीवर मॅकबेथला लावून बघा. आधी एक राजा. मग एक मित्र, आणि त्यात मित्राचा मुलगा फ्लीअन्स निसटतो. मग एका सरदाराच्या वाड्यातली बाई आणि लेकरे, ज्यांना मारून राज्याच्या दृष्टीने काडीचाही फायदा नाही. क्रौर्य वाढत गेले आणि उपयोग घटत गेला. म्हणजे धर्मशास्त्राच्या परीक्षेत तर हा माणूस नापास आहेच, पण मॅकियाव्हेलीच्या परीक्षेतही नापास आहे. ज्यांना मॅकबेथ हा ‘नैतिकतेच्या पलीकडचा समर्थ पुरुष’ वाटतो, त्यांनी याचा विचार करावा.

आता तिसरी आणि खरी गोष्ट, पात्रता. आमचे प्रतिपादन एका वाक्यात असे आहे: राज्य करण्याची पात्रता माणसाच्या अंगच्या बळाने ठरत नाही, त्याचे लक्ष कुणाकडे आहे याने ठरते. आणि मॅकबेथचे लक्ष राजा झाल्या क्षणापासून फक्त स्वतःकडे आहे.

हे नुसते आमचे मत म्हणून घेऊ नका. नाटक उघडून एक प्रयोग करा. राज्याभिषेकानंतर मॅकबेथ राज्यकारभाराचे एखादे तरी काम करतो का, ते शोधा. तुम्हाला एकच जागा सापडेल. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तो बँकोला म्हणतो, की आजच्या मसलतीत तुझा सल्ला हवा होता, पण असो, उद्या घेऊ. ‘उद्या’! आणि बँकोने घोडा काढताच तो मारेकऱ्यांना आत बोलावतो. मसलत उद्यावर ढकलायची आणि सल्लागाराला आजच संपवायचे. राज्यकारभाराचा जो एक धागा होता तोही इथे तुटतो. त्या उद्याची मसलत आपल्याला नाटकात दिसतच नाही.

मग येतो मेजवानीचा प्रवेश. प्रेक्षकांना त्यातले भूत आठवते. आम्ही म्हणतो, भुताआधी पंगत पाहा. राजाच्या कामाचे सर्वांत साधे रूप म्हणजे पंगत. कोण कुठे बसेल, कुणाला काय हवे-नको, सगळ्यांना पोटभर मिळाले का. मॅकबेथ सुरुवात छान करतो. आपापल्या मानाप्रमाणे बसा, म्हणतो, स्वतः सर्वांत मिसळतो. एवढ्यात दारात मारेकरी येतो, तोंडावर रक्त घेऊन. आणि हा यजमान पाहुण्यांकडे पाठ फिरवून त्याच्याशी बोलत उभा राहतो. अहो, पाहुण्यांकडे बघा, असे बायकोला सांगावे लागते. मग बँकोचे भूत नेमके राजाच्या खुर्चीत येऊन बसते आणि सगळी घडी विस्कटते. शेवटी लेडी मॅकबेथ पाहुण्यांना म्हणते, मानपान पाहत बसू नका, उठा, निघा. मानाप्रमाणे बसवलेली पंगत बेशिस्तीत उधळली जाते. घरातली एक पंगत ज्याला शेवटास नेता आली नाही तो राज्य काय चालवणार? शेक्सपिअर हे असे सांगत नाही, दाखवतो.

पाहुणे गेल्यावर मॅकबेथ दोन गोष्टी बोलून जातो. प्रत्येक सरदाराच्या घरात आपला एक पगारी नोकर हेर म्हणून ठेवला आहे, ही एक. आणि आता आपल्या भल्यापुढे बाकी सगळ्या गोष्टींनी बाजूला सरावे, ही दुसरी. राजाच्या अपात्रतेची व्याख्याच तो स्वतःच्या तोंडाने करतो आहे. ज्या राज्यात राजाच्या भल्यापुढे इतर काहीच उभे राहू शकत नाही, तिथे प्रजा उरतच नाही. उरतात फक्त संशयित.

याच्यासमोर डंकन ठेवा. तो भेटायला आलेल्या मॅकबेथला म्हणतो, मी तुला लावले आहे, तू भरभराटून वाढावास म्हणून मी खपेन. ही बागाईतदाराची भाषा आहे. दुसऱ्याच्या वाढीत आपले काम पाहणारा हा माणूस आहे. पण म्हणून डंकन आदर्श ठरतो का? नाही. कॉडॉरच्या सरदारावर त्याने पूर्ण विश्वास टाकला आणि कॉडॉर फितूर निघाला. चेहऱ्यावरून माणसाचे मन ओळखता येत नाही, असे तो हळहळून म्हणतो, आणि त्याच क्षणी समोरून मॅकबेथ येतो, ज्याला त्याने त्याच कॉडॉरची सरदारकी दिली आहे! डंकनचे लक्ष दुसऱ्यांकडे आहे, पण नजर अधू आहे. मॅकबेथची नजर तीक्ष्ण आहे, पण ती फक्त आपल्याच पायापुरती पाहते. पात्रतेला दोन्ही लागते, दुसऱ्याकडे वळलेले लक्ष आणि पारखणारी नजर.

आणि गंमत म्हणजे मॅकबेथला हे सगळे कळते. खुनाआधीच्या स्वगतात तो स्वतःचा खटला स्वतःच चालवतो. डंकन आपला नातलग आहे, राजा आहे, पाहुणा आहे. त्याने आपली सत्ता इतक्या सौम्यपणे वापरली आहे की त्याच्या मृत्यूने सारे जग हळहळेल. आणि आपल्याकडे? आपल्याला टाच मारायला महत्त्वाकांक्षेवाचून दुसरे काहीच नाही. मॅकबेथच्या पात्रतेवर इतका स्वच्छ निकाल कुठल्याही समीक्षकाने दिलेला नाही. पुढे कुणीतरी त्याच्याबद्दल म्हणते, की राजपद त्याच्या अंगावर एखाद्या ठेंगू चोराने राक्षसाचा झगा घालावा तसे लोंबते आहे. नाटकातल्या या कपड्यांच्या प्रतिमांकडे कॅरोलिन स्पर्जन या विदुषीने 1935 च्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले. पण झगा मोठा आहे हे घालणाऱ्याला सर्वांआधी माहीत होते, हे विसरू नये.

आता आपण त्या प्रवेशाकडे येतो, जो प्रयोगात बहुधा कापला जातो आणि वर्गात ‘लांबलेला’ म्हणून उरकला जातो. चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश. आमच्या मते आजच्या प्रश्नाचे हृदय इथे आहे. मॅकडफ इंग्लंडात पळून आलेल्या माल्कमला भेटतो. चल, सैन्य घे, स्कॉटलंड सोडव, म्हणतो. माल्कमला शंका येते, की हा मॅकबेथने पाठवलेला तर नसेल? म्हणून तो परीक्षा घेतो. हीच परीक्षा त्याच्या बापाने कधी घेतली नव्हती.

माल्कम खोटेच सांगतो, मी अतिशय विषयासक्त आहे, राज्यातली एकही बाई माझ्यापासून सुरक्षित राहणार नाही. मॅकडफ काय म्हणतो? हे वाईटच, अशाने गाद्या गेल्या आहेत, पण चालेल. गुपचूप काय ते करा, राजी होणाऱ्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत. माल्कम पुढे म्हणतो, मी अतोनात लोभी आहे, सरदारांच्या जमिनी लुबाडीन. मॅकडफ म्हणतो, हे जास्त वाईट, पण स्कॉटलंडात तुमची हाव भागेल एवढे आहे. बाकीचे गुण असले की हे सोसता येईल. मग माल्कम तिसरा घाव घालतो. कुठले गुण? राजाला शोभणारा एकही गुण माझ्यात नाही. माझ्या हाती सत्ता आली तर मी जगातला सगळा सलोखा मोडून टाकीन. असा माणूस राज्याला योग्य असेल तर सांग. इथे मॅकडफ फुटतो. राज्याला योग्य? असा माणूस जगायलाही योग्य नाही! आणि सगळी आशा सोडून तो निघतो. तेव्हा माल्कम हे सगळे खोटे होते म्हणून सांगतो.

राजाचे गुण मोजताना माल्कम बारा नावे घेतो. न्याय, सत्य, संयम यांपासून सुरुवात आहे. मध्ये दया आहे, नम्रता आहे. शौर्य आणि धैर्य अगदी शेवटी येतात. म्हणजे मॅकबेथचा जो एकमेव निर्विवाद गुण, तो या यादीच्या शेपटाला आहे. आणि महत्त्वाकांक्षा? ती यादीत नाहीच.

पण आम्हाला याहून जास्त अस्वस्थ करतो तो मॅकडफ. हा नाटकातला भला माणूस. आणि तो काय करतो आहे? घासाघीस. एवढा दोष चालेल, तेवढाही चालवून घेऊ, फक्त आत्ताचा तो राक्षस जाऊ दे. आणि किंमत कोण देणार? राजाच्या वासनेची किंमत मॅकडफ देणार नाही. ‘राजी असलेल्या बायका पुष्कळ आहेत,’ असे म्हणताना तो दुसऱ्यांच्या घरातल्या बायका देऊ करतो आहे. आणि या प्रवेशाच्या आधीच्याच प्रवेशात त्याची स्वतःची बायको आणि मुले मारली गेली आहेत. तो हे बोलतो आहे तेव्हा त्याला ते माहीत नाही, प्रेक्षकांना माहीत आहे. वाईट राज्यकर्त्याची किंमत आपल्या घराबाहेर कुणीतरी देईल, असे समजणाऱ्या माणसाच्या घरातूनच ती वसूल झाली आहे. ही योजना शेक्सपिअरने सहज केली असेल असे आम्हाला वाटत नाही.

म्हणून मॅकबेथ पात्र होता का, या प्रश्नाला एक जोडप्रश्न आहे. हे ठरवणार कोण? त्या काळात हा प्रश्न जिवावर बेतणारा होता. जेम्स राजाचा लहानपणीचा गुरू जॉर्ज बुकॅनन याने 1579 मध्ये एक पुस्तक छापले. राजा हा लोकांशी करार केलेला असतो आणि तो जुलमी झाला तर लोकांनी त्याला काढावे, असा त्याचा आशय होता. 1584 मध्ये स्कॉटलंडच्या पार्लमेंटने त्या पुस्तकाचा निषेध केला. शिष्य मोठा झाल्यावर त्याने 1598 मध्ये नेमके उलटे लिहिले. राजा देवाला जबाबदार असतो, जुलमी असला तरी प्रजेने त्याच्यावर हात उचलू नये, असे त्याचे म्हणणे. गुरू एकीकडे आणि शिष्य दुसरीकडे! आणि ज्या नाटकमंडळीला या शिष्याचा आश्रय होता, तिच्यासाठी शेक्सपिअर असे नाटक लिहितो ज्यात अभिषेक झालेल्या राजाचे मुंडके शेवटी रंगमंचावर येते. त्याने मॅकबेथला खुनी आणि उपटसुंभ ठरवून पळवाट ठेवली, हे खरे. पण ‘राज्याला योग्य’ की ‘अयोग्य’ हा शब्द त्याने एका साध्या सरदाराच्या तोंडी घातला. राजाला मोजण्याचा अधिकार प्रजाजनाने वापरला. आमच्या दृष्टीने नाटकातला सर्वांत धाडसाचा क्षण हा आहे.

त्याच प्रवेशात आणखी एक छोटासा तुकडा आहे. एक वैद्य येऊन सांगतो, की बाहेर आजारी माणसांची गर्दी इंग्लंडच्या एडवर्ड राजाची वाट पाहत उभी आहे. राजाच्या स्पर्शाने त्यांना बरे वाटते. हा चमत्कार आपण मानावा असे नाही. पण चित्र पाहा. एका देशात दुखणेकरी राजाकडे येताहेत, आणि दुसऱ्या देशात धडधाकट माणसे राजापासून पळताहेत. पुढे पाचव्या अंकात मॅकबेथही वैद्याला विचारतो, माझ्या देशाचे दुखणे तुला तपासून काढता येईल का? दुखणे कुठे बसले आहे हे त्या वैद्याला ठाऊक आहे, प्रेक्षकांना ठाऊक आहे. विचारणाराच दुखणे आहे.

एक आक्षेप उरतो. मॅकबेथ इतका अपात्र, तर त्याच्याबद्दल आपल्याला एवढे का वाटते? सर्वस्वी दुष्ट माणसाच्या पतनाने करुणा जागत नाही, असे अॅरिस्टॉटल सांगून गेला. मग मॅकबेथ शोकांतिकेचा नायक कसा? आमचे उत्तर असे, की तो राजा म्हणून शून्य आहे, पण साक्षीदार म्हणून अव्वल आहे. आपण काय गमावले हे त्याच्याइतके कुणालाच कळत नाही. म्हातारपणी माणसाला जे मिळावे, म्हणजे मान, माया, मित्रांचा गोतावळा, ते आपल्या वाट्याला येणार नाही, येतील ते तोंडदेखले सन्मान आणि दबलेले शाप, हे तो शेवटी स्वतःच मोजून सांगतो. आपली करुणा त्या जाणिवेला आहे. ती त्याला द्यावी, पण तिच्या भरात मुकुट देऊ नये. छान बोलता येणे आणि खोल दुःख असणे, यांमुळे कुणी राज्याला पात्र होत नाही. ही गल्लत आपण नाटकाबाहेरही करतो. उदाहरणं ज्याची त्याने आठवावीत.

चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांतल्या दोन घेतो.

एका श्रोत्यांनी विचारले आहे, ‘चेटकिणी भेटल्या नसत्या तर मॅकबेथ चांगला राहिला असता का?’ चेटकिणींनी त्याला खून कर असे कुठेही सांगितलेले नाही. बँकोनेही तीच भविष्यवाणी ऐकली, त्याच्या वंशात राजे होतील असे त्यालाही सांगितले गेले. त्याला वाईट स्वप्ने पडली, मोह झाला, पण त्याने कुणाला मारले नाही. भविष्य दोघांनी ऐकले, सुरा एकानेच उचलला.

दुसऱ्या चिठ्ठीत आहे, ‘लेडी मॅकबेथ जास्त पात्र होती, असं नाही का वाटत?’ चांगला प्रश्न. त्या पंगतीत तिनेच लाज राखली, प्रसंगावधान तिच्यापाशी नवऱ्याहून जास्त आहे. पण सत्ता मिळाल्यावर तिचे काय करायचे, याबद्दल तिच्या तोंडी एकही वाक्य नाही. मिळवण्याच्या पुढे तिचा विचार गेलाच नाही. म्हणून मिळाल्यावर तिच्या हाती रिकामपण आले, आणि ते ती बोलूनही दाखवते. कर्तबगारी तिच्यात होती, पात्रतेचा प्रश्न तिने स्वतःला कधी विचारलाच नाही.

आणि माल्कम? शेवटी तो गादीवर येतो, परागंदा झालेल्यांना परत बोलावतो, सरदारांना नवी पदवी देतो. सुरुवात बरी आहे. पण त्याच्या बापानेही पदव्याच वाटल्या होत्या. पुढे तो कसा निघाला, हे नाटक सांगत नाही. मॅकडफसारख्यांनी डोळे उघडे ठेवायचे, एवढेच उरते.

पुढच्या व्याख्यानात कोरिओलेनस घेऊ. त्यात पराक्रम आहे, हक्कही आहे, पण लोकांसमोर उभे राहून मत मागायला जीभ वळत नाही. जमल्यास ते नाटक वाचून या.